सर जेम्स सिम्प्सन : प्रसूतिशास्त्राचे एक थोर अध्यापक

राजे, सेनापती, कवी व साधू यांची चरित्रे आमचे वाचक नेहमीच वाचतात. यंदा आम्ही एका निराळ्या पुरुषाची ओळख करून देणार आहोत. ह्या पुरुषाने कोणते राज्य जिंकले नाही, की महाकाव्य रचले नाही. बाळंतिणीच्या खोलीतून पिढ्यान्‌पिढ्या ज्या किंकाळ्या ऐकू येत आणि ज्यांकडे जग निमूटपणे पाठ फिरवी, त्या किंकाळ्या त्याने मनापासून ऐकल्या. आणि ह्या यातनांवर उपाय का नसावा, असा प्रश्न विचारला. त्याचे नाव सर जेम्स यंग सिम्प्सन. स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या विद्यापीठात तीस वर्षे तो प्रसूतिशास्त्राचा प्राध्यापक होता.

हा विषय मुलांनी वाचण्याजोगा नाही, असे कोणा पालकाने मनात आणू नये. आपण सर्वच जण कोणा ना कोणा मातेच्या वेदनांतून ह्या जगात आलो आहोत. ज्याने त्या वेदना हलक्या केल्या, त्याचे ऋण जाणण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

जेम्सचा जन्म ७ जून १८११ रोजी एडिंबरोच्या पश्चिमेस असलेल्या बाथगेट नावाच्या लहानशा गावी झाला. वडील डेव्हिड सिम्प्सन हे पाव भाजून विकण्याचा धंदा करीत. जेम्स हा त्यांचा सातवा मुलगा. घरची स्थिती बेताचीच होती. जेम्स नऊ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि त्याला सांभाळण्याचे काम मोठ्या बहिणीवर पडले. मुलगा बुद्धीचा तल्लख आहे, हे घरातील सर्वांनी ओळखले होते. आपल्यापैकी एकाला तरी विद्वान करावयाचे, असे त्या कुटुंबाने ठरविले. भावांनी भट्टीपुढे घाम गाळून मिळविलेल्या पैशांतून धाकट्याची फी भरली. थोरला भाऊ अलेक्झांडर याने तर त्याच्यावर पित्याप्रमाणे माया केली. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२५ साली, जेम्स एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला आणि पुढे वैद्यकाचा अभ्यास करू लागला.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी असे, याची आजच्या मुलांना कल्पना येणे कठीण आहे. गुंगीचे औषध ठाऊक नव्हते. रोगी पूर्ण शुद्धीवर असे. चार बळकट माणसे त्याला धरून ठेवीत आणि शस्त्रवैद्य सुरी चालवी. जो जितका चपळ, तितका तो शस्त्रवैद्य थोर. एडिंबरोचे रॉबर्ट लिस्टन हे अशा चपळाईबद्दल फार प्रसिद्ध होते. त्यांनी एका गरीब डोंगरी स्त्रीच्या स्तनावर केलेली शस्त्रक्रिया जेम्सने विद्यार्थिदशेत पाहिली. त्या बाईचे हाल त्याला पाहवेनात. तो तडक तेथून निघून न्यायकचेरीकडे गेला आणि तेथे कारकुनाची जागा मिळेल काय, याची चौकशी करू लागला. वैद्यक सोडावे, असा त्याचा विचार ठरत आला होता. परंतु मार्गातून पळून गेल्याने कोणाचे दुःख कमी होत नाही, हे त्याच्या ध्यानी आले आणि तो परत फिरला. त्या परत फिरण्यातच त्याच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज आहे, असे आम्हांस वाटते.

१८३० साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने वैद्यकाची सनद मिळविली. त्याच वर्षी वडील वारले. जेम्सने क्लाइड नदीकाठच्या एका खेड्यात वैद्याच्या जागेसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. तेव्हा तरुणाला अतिशय वाईट वाटले. ती जागा मिळाली असती, तर कदाचित तो जन्मभर त्या खेड्यातच राहिला असता. अपयश म्हणून ज्यास आपण रडतो, ते पुष्कळदा पुढील वाट मोकळी करीत असते. १८३२ साली त्याला एम. डी. ही पदवी मिळाली. त्याचा प्रबंध वाचून प्राध्यापक जॉन थॉमसन इतके संतुष्ट झाले की, त्यांनी त्याला आपला मदतनीस नेमले. आणि त्यांच्याच सल्ल्याने तो प्रसूतिशास्त्राकडे वळला.

हा सल्ला त्या काळी कोणास फारसा मोहक वाटला नसता. एडिंबरोत प्रसूतिविद्येचे अध्यापन १७२६ सालीच सुरू झाले होते खरे; पण ते मुख्यतः सुइणींना शिकविण्यासाठी. बाळंतपण हे सुइणीचे काम, त्यात विद्वान वैद्याने लक्ष घालणे कमीपणाचे, असा समज होता. सिम्प्सन यांच्या आधीचे प्राध्यापक जेम्स हॅमिल्टन यांना हा विषय वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलाच पाहिजे, एवढे मान्य करून घेण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले.

१८३९ साली हॅमिल्टन वारले आणि ती जागा रिकामी झाली. अठ्ठावीस वर्षांच्या सिम्प्सन यांनी अर्ज केला. नेमणूक नगरसभेच्या हाती होती. उमेदवार वयाने लहान आणि शिवाय अविवाहित. अशा माणसाने हा विषय कसा शिकवावा, असा आक्षेप निघाला. त्यावर त्यांनी त्याच डिसेंबर महिन्यात जेसी ग्रिंडले ह्या युवतीशी विवाह करून तो आक्षेपच नाहीसा केला! ४ फेब्रुवारी १८४० रोजी मतमोजणी झाली. सिम्प्सन यांना सतरा मते पडली व प्रतिस्पर्ध्यास सोळा. एका मताने बाथगेटच्या पाववाल्याचा मुलगा विद्यापीठाचा प्राध्यापक झाला.

ज्या विषयाकडे विद्यार्थी नाक मुरडीत, त्याच विषयाचा वर्ग थोड्याच वर्षांत विद्यापीठात सर्वांत अधिक गजबजू लागला. सिम्प्सन यांचे शिकविणे पाठ म्हणून दाखविण्याचे नव्हते. जुने ग्रंथ, आकड्यांचे तक्ते आणि स्वतः पाहिलेले रोगी ह्या तिहींचा मेळ घालून ते बोलत. त्यांनी अडलेल्या बाळंतिणीसाठी वापरावयाच्या चिमट्यांत सुधारणा केली. १८४९ साली त्यांनी मुलाच्या डोक्यास हवेच्या शोषणाने पकडून ओढणारे एक साधन तयार केले. आज इस्पितळांतून वापरतात त्या साधनाचे ते पूर्वरूपच होय. अमेरिकेच्या एमिली ब्लॅकवेल ह्या बाईंस स्त्री म्हणून पुष्कळ ठिकाणी दारे बंद होती. १८५४ साली सिम्प्सन यांनी त्यांना आपल्या हाताखाली काम शिकू दिले. सरदारांच्या घरची माणसे त्यांच्या दारी येत, तशीच गल्लीबोळांतली गरीब माणसेही येत.

आता त्यांच्या आयुष्यातील मुख्य घटनेकडे वळू. ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथरची वाफ हुंगवून एका रोग्यावर वेदनेवाचून शस्त्रक्रिया करण्यात आली. ही वार्ता एडिंबरोस पोचताच सिम्प्सन यांना लिस्टनच्या सुरीखालची ती डोंगरी स्त्री आठवली असेल, यात आम्हांस शंका नाही. १९ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी एका अडलेल्या बाईच्या बाळंतपणात ईथर वापरले. बाईच्या वेदना शमल्या, पण कळा थांबल्या नाहीत. गुंगीत प्रसूती होऊ शकते, हे सिद्ध झाले.

परंतु ईथरचा वास उग्र, त्याने खोकला येई आणि ते पुष्कळ लागे. म्हणून सिम्प्सन याहून सोयीच्या द्रव्याचा शोध करू लागले. दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री आपल्या घरी जेवणाच्या मेजाभोवती बसून ते व त्यांचे दोन सहकारी, डॉ. कीथ व डॉ. मॅथ्यूज डंकन, निरनिराळी द्रव्ये स्वतः हुंगून पाहत. लिव्हरपूलचे रसायनज्ञ डेव्हिड वॉल्डी यांनी त्यांना क्लोरोफॉर्म वापरून पाहण्याची सूचना केली होती. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री तिघांनी पेल्यांत क्लोरोफॉर्म ओतून ते हुंगले. प्रथम तिघेही आनंदाने बडबडू लागले आणि पाहता पाहता मेजाखाली कोसळले. शुद्धीवर येताच सिम्प्सन यांनी ओळखले की, शोध लागला. (आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र प्रयोगशाळेत असले साहस कदापि करू नये. ते तिघे वाचले, हे त्यांचे नशीब.)

चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, एका वैद्याची पत्नी क्लोरोफॉर्मच्या गुंगीत प्रसूत झाली. जागी झाल्यावर हे आपलेच मूल, हे तिला खरे वाटेना. त्या मुलीचे नाव गुंगीच्या शास्त्रीय नावावरून ॲनेस्थेशिया असे ठेवले, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती खरी नव्हे. १५ नोव्हेंबरला एडिंबरोच्या मोठ्या इस्पितळात एका लहान मुलाच्या हाताचे सडलेले हाड क्लोरोफॉर्मखाली काढण्यात आले आणि मूल स्वस्थ निजून राहिले.

आणि मग विरोध सुरू झाला. काही वैद्य म्हणत, प्रसूतीची वेदना स्वाभाविक आहे. ती बंद करणे हे निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करणे आहे. फिलाडेल्फियाचे प्राध्यापक चार्ल्स मेग्ज हे अशांचे पुढारी. दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येई. हव्वेने आज्ञा मोडली म्हणून स्त्रीने दुःखाने मुले प्रसवावी, असा उत्पत्तीच्या पुस्तकात शाप आहे. तो शाप टाळणारे आपण कोण, असे काही लोक विचारीत. सिम्प्सन स्वतः श्रद्धावान होते. १८४३ साली ज्यांनी स्वतंत्र स्कॉटिश मंडळी स्थापिली, त्यांच्यात ते सामील झाले होते. त्यांनी डिसेंबर १८४७ मध्ये एक पुस्तिका लिहून पवित्र शास्त्रातूनच उत्तर दिले. मूळ इब्री शब्दाचा अर्थ यातना असा नसून कष्ट, श्रम असा आहे, हे त्यांनी दाखविले. त्याच अध्यायात पुरुषालाही घाम गाळून भाकर खाण्याचा शाप आहे. मग बैलाला नांगरास जुंपणारा शेतकरी पापी ठरतो काय? आणि आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्यास गाढ निद्रा आणली, हेही त्यांनी विरोधकांच्या निदर्शनास आणले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. सगळी ख्रिस्ती मंडळी सिम्प्सन यांच्यावर तुटून पडली, असे वर्णन नेहमी करतात. पण इतिहासकारांनी जुने कागद तपासले, तेव्हा मंडळ्यांचा संघटित विरोध फारसा आढळला नाही. येणारा आक्षेप ओळखून सिम्प्सन यांनी आधीच उत्तर तयार केले, असे दिसते. खरी झुंज वैद्यांशीच अधिक झाली.

वैद्यांच्या भीतीत काही तथ्यही होते. जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ एक पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म देताच मरण पावली. औषधाने नव्हे, तर शुद्धीवर आणण्यासाठी पाजलेल्या ब्रँडीने व पाण्याने ती गुदमरली, असे सिम्प्सन यांनी प्रतिपादन केले. परंतु तसे मृत्यू पुढेही होत राहिले. सिम्प्सन रुमालावर अंदाजाने औषध ओतीत, लंडनचे डॉ. जॉन स्नो मात्र मोजून मापून देत. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात स्नो यांनीच क्लोरोफॉर्म दिला. राणीने जे घेतले, त्यास नावे कोण ठेवणार? लोकांचा विरोध मावळत गेला.

ह्या औषधाचा आपल्या देशाशीही संबंध आहे. ज्या वॉल्डी यांनी क्लोरोफॉर्म सुचविला, ते पुढे कलकत्त्यास येऊन रसायनांचा कारखाना चालवू लागले आणि तेथेच वारले. क्लोरोफॉर्मने मृत्यू का येतो, हे ठरविण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजाम सरकारच्या पैशाने हैदराबादेस दोन चौकशी मंडळे बसली. श्वासाकडे लक्ष ठेवल्यास हृदयास धोका नाही, असा त्यांनी निर्णय दिला. पण तो चुकीचा होता, हे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांनी सिद्ध झाले. क्लोरोफॉर्म हृदयास एकाएकी थांबवू शकतो. म्हणून अधिक सुरक्षित औषधे निघाल्यावर तो मागे पडला. औषध गेले, पण बाळंतिणीची वेदना दूर करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, हा विचार मात्र राहिला.

येथेच हे चरित्र संपविले, तर वाचकांस गोड वाटेल. परंतु ते अपुरे होईल. वेदना गेली, तरी मृत्यू गेला नव्हता. प्रसूतीनंतर तीन-चार दिवसांनी ताप येऊन असंख्य तरुण माता मरत; त्यास सूतिकाज्वर म्हणत. अॅबर्डीनचे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ सालीच दाखविले होते की, हा रोग वैद्य व सुइणी यांच्यामार्फत एकीकडून दुसरीकडे जातो. आणि ज्या १८४७ साली सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म हुंगला, त्याच साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण वैद्याने एक शोध लावला. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात मृत्यू कितीतरी अधिक होत. कारण ते प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणींस तपासीत. सेमेलवाइस यांनी चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्ये तेथे शंभरांत अठरा माता मेल्या होत्या. जूनपासून तीन महिने ते प्रमाण शंभरांत सुमारे दोनवर आले.

ही बातमी पत्राने सिम्प्सन यांस कळविण्यात आली. रोग संसर्गाने पसरतो, हे ते मानीतच होते. पण त्यांनी तुसडेपणाने कळविले की, इंग्रजी ग्रंथ वाचले असते तर ह्यात नवे काही नाही, हे तुम्हांस समजले असते. नवीन काय आहे, हे पाहण्याइतके ते थांबले नाहीत.

पुढे असाच प्रसंग पुन्हा आला. १८६९ साली सिम्प्सन यांनी मोठ्या परिश्रमाने हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे गोळा करून प्रसिद्ध केले. मोठ्या इस्पितळांतील २०८९ रोग्यांपैकी ८५५ दगावले होते. खेड्यापाड्यांत घरी शस्त्रक्रिया झालेल्या २०९८ पैकी केवळ २२६. इस्पितळेच माणसे मारीत आहेत, असे निर्भयपणे सांगणारा हा पुरावा होता. त्यांनी उपाय सुचविला की, मोठ्या इमारतींऐवजी लहान, वेळोवेळी मोडून टाकता येतील अशा खोल्या बांधाव्या. परंतु खरा उपाय त्यापूर्वीच, १८६७ साली, जोसेफ लिस्टर यांनी प्रसिद्ध केला होता : कार्बोलिक आम्लाने जखमेतील सूक्ष्म जंतूंचा नाश करणे. लिस्टर हे सिम्प्सन यांचे जुने प्रतिस्पर्धी साइम यांचे जावई. सिम्प्सन यांनी टोपण नावाने वृत्तपत्रात पत्र लिहून, कार्बोलिकचा वापर पॅरिसच्या एका गृहस्थाने आधीच केला आहे, असा लिस्टर यांच्यावर हल्ला चढविला. एकाजवळ रोगाचे मोजमाप होते, दुसऱ्याजवळ औषध होते. दोघे एकत्र आले असते तर किती माता व किती रोगी वाचले असते! ब्रिटनमध्ये मातांचे मृत्यू खऱ्या अर्थाने घटू लागण्यास १९३५ च्या सुमाराची, जंतुनाशक नवी औषधे निघण्याची वाट पाहावी लागली.

ज्याने परंपरेच्या तोंडावर प्रश्न विचारला, त्याच्याच तोंडावर दुसऱ्याने उत्तर मांडले, तेव्हा त्यास ते ऐकवले नाही. हा दोष आम्ही लपवीत नाही. कारण थोर पुरुषांच्या चुकांतूनही विद्यार्थ्यांस तितकेच शिकावयाचे असते.

१८६६ साली सिम्प्सन यांना बॅरोनेटची पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांचा थोरला मुलगा डेव्हिड व एक मुलगी अशी दोघे वारली. सन्मानाचा आनंद त्यांस लाभला नाही. अतिश्रमाने त्यांचे हृदय दुबळे झाले होते. ६ मे १८७० रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजांच्या व महाकवींच्या शेजारी, त्यांना जागा देऊ केली होती. पण कुटुंबाने एडिंबरोच्या वॉरिस्टन स्मशानभूमीतच, आधी गेलेल्या मुलांजवळ, त्यांना मूठमाती दिली. प्रेतयात्रेस हजारो लोक लोटले; त्यांत गरीब स्त्रिया पुष्कळ होत्या. १८७९ साली एडिंबरोत त्यांच्या स्मरणार्थ बाळंतिणींचे इस्पितळ उघडले. त्याची इमारत पुढे दोनदा बदलली. पण त्या शहरी आजही मुले जन्मतात, ती त्यांचेच नाव धारण करणाऱ्या संस्थेत.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रातून दोन गोष्टी मनात धराव्या. पहिली ही की, जे दुःख सर्वांनी अटळ म्हणून सोडून दिले आहे, त्याकडे पाठ फिरवून न्यायकचेरीची वाट धरणे सोपे असते. परत फिरणे कठीण, पण तेच करावे. दुसरी ही की, आपण प्रश्न विचारावा, तसे दुसऱ्याचे उत्तरही ऐकावे, मग तो वयाने लहान असो वा प्रतिपक्षाचा असो. आणि पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरातील सून वा लेक बाळंतपणास बसली असता, बाईच्या जातीला हे सोसावेच लागते, असे म्हणून स्वस्थ बसू नये. हे वाक्य खोटे आहे, असे एका पाववाल्याच्या मुलाने १८४७ सालीच दाखवून दिले आहे.